बैल बोलला का तुला

परवा सिरसाळ्याला एका लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेला माणूस माझ्या तोंडाकडे दोनदा बघून म्हणाला, "तुमी कीर्तन करत व्हता ना? आमच्या गावाला आलते तुमी. लई हसवलं व्हतं. सोडलं कावून?" मी सांगितलं, घसा बसला. त्यानं मान हलवली, हळद घालून दूध प्या म्हणाला आणि वांग्याच्या भाजीकडे वळला. माझ्या घशाला काहीही झालेलं नाही. गिरणीचा पट्टा फिरत असताना मी रस्त्यापलीकडच्या माणसाला हाक मारतो आणि तो वळून बघतो.

मी पिठाची गिरणी चालवतो. गिरणी सुरू असली की कुणाला काही सांगता येत नाही आणि कुणाचं काही ऐकायलाही येत नाही. हा धंदा मला त्यासाठीच आवडतो. लोक डबा ठेवतात, बारीक की जाड ते बोटानं दाखवतात आणि बाहेर सावलीत जाऊन उभे राहतात. याआधी चौदा वर्षं मी उभा राहून लोकांना कसं जगायचं ते सांगत होतो. ते का सोडलं हे विचारणाऱ्याला खरं सांगायचं तर त्याचं ताट गार होईल, म्हणून मी घशावर भागवतो.

आमचं गाव वडवणीच्या बाजूला, माळरानावरचं. दसरा झाला की निम्मं गाव रिकामं व्हायचं. आईवडील कोयता घेऊन ऊसतोडीला जायचे ते पाडव्याच्या आगेमागे परत यायचे. तोवर मी मोठीमायकडे. मोठीमाय म्हणजे माझी थोरली चुलती. तिच्या घरची बैलगाडी होती, पण त्या काळात ती स्वतः तोडीला जायची नाही, घर आणि आम्हा पोरांना धरून राहायची. माझ्या डोक्यातल्या उवा तिनं काढल्या, माझ्या तापात ती उशाशी बसली. ती मला बापू म्हणायची. दहा वर्षांचा झालो तेव्हा मला वारकरी शिक्षण संस्थेत घातलं. पुढे माझी ओळख करून देणारे लोक सांगायचे की महाराजांना बालपणापासूनच भगवंताची ओढ. ओढ कसली आली आहे. तिथे दोन वेळा जेवायला मिळत होतं आणि आईवडील निर्धास्तपणे फडावर जाऊ शकत होते. माझा आवाज चांगला निघाला हा योगायोग.

संस्थेत आम्हाला शिकवायला एक म्हातारे गुरुजी होते. तापट होते. ताल चुकला की टाळ हातातून काढून घ्यायचे आणि दिवसभर परत द्यायचे नाहीत. कीर्तनकार ज्या जागेवर उभा राहतो तिला नारदाची गादी म्हणतात. असते एक घडी घातलेली सतरंजी. पण तिच्यावर माणूस उभा राहिला की त्याचं वय, नातं, घराणं सगळं खाली राहतं. आजोबा नातवाच्या पाया पडतात. दोन तास एकट्यानं बोलायचं आणि बाकीच्यांनी ऐकायचं, मध्ये कुणी बोलायचं नाही, अशी ती रीत आहे. एवढी मोकळीक सरपंचालासुद्धा मिळत नाही.

गुरुजींनी या मोकळिकीला एकच वेसण घातली होती. गादीवरून जिवंत माणसाची स्तुती करायची नाही. गावचा पाटील असो, यजमान असो, मंदिर बांधून देणारा असो. मी एकदा विचारलं, माणूस खरोखर चांगला असला तर? ते म्हणाले, "मेलेला माणूस बदलत न्हाई. जिता माणूस उद्या फिरला तर तुझं तोंड खोटं पडंल आणि तोंडाबरोबर गादी. आणि ध्यानात ठेव, गादी उठत न्हाई. कुणीबी येऊ दे, चाललेलं कीर्तन थांबत न्हाई." मी हो म्हणालो. अठराव्या वर्षी हो म्हणायला काय लागतं.

मी नावारूपाला आलो तो हसवण्यामुळे. अभंगाचं निरूपण निम्म्या लोकांना झोप आणतं, हे मला दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच कळलं. मग मी सुनांवर बोलायला लागलो. मोबाइलवर, पोरींच्या कपड्यांवर, सासूशी भांडून माहेरी जाणाऱ्या बायकांवर. मंडप हसून आडवा व्हायचा. ज्यांच्यावर हसायचं त्याच समोर बसलेल्या असायच्या, आणि पदर तोंडाला लावून त्याही हसायच्या. मला वाटायचं, बघा, त्यांनाही पटतंय. गादीवर उभ्या माणसाला उलट बोलायची सोय नसते, मग हसण्याशिवाय दुसरं काय करतील, हा विचार माझ्या डोक्यात चौदा वर्षांत एकदाही आला नाही. मी दृष्टांत गोळा करायचो. चहाच्या टपरीवर कुणी दुःख सांगितलं, एसटीत कुणी भांडलं, की माझं मन लगेच त्याला आकार द्यायला लागायचं, कुठे थांबायचं, कुठे आवाज चढवायचा, कुठे टाळ वाजवायला सांगायचं. माणूस समोर रडत असायचा आणि मी आत त्याची तालीम करत असायचो.

मग ती दोन वर्षं आली. पहिल्या वर्षी पाऊस निम्मा पडला, दुसऱ्या वर्षी पडलाच नाही म्हटलं तरी चालेल. विहिरींचे तळ दिसले, बोअरमधून नुसती हवा यायची. आमच्या भागातला सहकारी साखर कारखाना त्या हंगामात पेटलाच नाही. तो उभा राहिला तेव्हा गावोगाव शेअर गोळा केले होते, माझ्या वडिलांनीही एक घेतला होता. शेअर इथल्या कारखान्याचा आणि ऊस तोडायला जायचं तीन जिल्हे पलीकडे. या गोष्टीचं तेव्हा कुणाला हसू येत नव्हतं. आम्हाला त्या शेअरवर दिवाळीला साखर मिळायची, तेवढ्यानं आम्ही मालक.

कारखान्याच्या चेअरमनांच्या संस्थेनं माळावर चारा छावणी उघडली. गाळपाला न गेलेला ऊस बाहेरून आणून जनावरांना घालायचा, टँकरनं हौद भरायचे. हिरव्या जाळीखाली दावणीच्या लांबच लांब ओळी लागल्या. जनावरांच्या कानात नंबरचा पिवळा बिल्ला. बिल्ला असेल त्यालाच चारा. जनावरांबरोबर माणसंही तिथेच राहायला आली, दावणीशेजारी बाज, बाजेखाली भांडी, तीन दगडांची चूल. छावणीला तीन महिने झाल्यावर तिथे सात दिवसांचा सप्ताह ठरला, आणि शेवटच्या दिवसाचं काल्याचं कीर्तन मला दिलं. चेअरमनांचा माणूस म्हणाला, "लोकं कंटाळून गेलेत महाराज. जरा हसवा."

काल्याचं कीर्तन सकाळी दहाला असतं. मी आठलाच पोचलो, कारण मोठीमाय त्याच छावणीत होती. चुलते वारले होते. थोरला मुलगा आणि सून दरवर्षी बैलगाडी घेऊन कारखान्यावर जायचे, दोन्ही बैल त्यांच्या जिवावर आणि ते बैलांच्या. आमच्याकडे हा फरक मोठा आहे. बैलजोडी असली की माणूस गाडीवान असतो, स्वतःच्या गाडीत ऊस भरून नेतो. जोडी गेली की तो नुसता कोयता, टोळीतला, ट्रकमागे धावणारा. त्या वर्षी मुलगा आणि सून बीडला मिळेल ते काम करत होते आणि म्हातारी एकटी बैलांपाशी बसली होती. तिनं बैलांना नावं ठेवली नव्हती. थोरला आणि धाकला, एवढंच.

मला बघून ती उठली. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून बापू म्हणाली. मी बाजेवर बसलो तर तिनं माझा हात धरून मला थोरल्याच्या तोंडापाशी नेलं आणि त्याचा ओठ उचलून दाखवला. आतली कातडी सोलून निघाली होती. तीन महिने नुसता ऊस, त्या कांड्यांनी तोंडं फाटली होती.

"रवंथ सोडलाय बघ यानं," ती म्हणाली. "चार रोज झाले. रोजची गाडी दिवसाआड येती. येती ती बी वाळलेल्या वाढ्याची, नुसते उसाचे शेंडे. साहेब तपासायला आले का त्या दिवशी हिरवागार ऊस, दुसऱ्या दिवशी काईच न्हाई."

"तुमी सगळे सांगत का नाही कुणाला?"

"वरल्या ओळीतल्या एकानं सांगितलतं. त्याचा बिल्ला काढला. घरी नेऊन काय घालावं जनावराला, माती?" तिनं थोरल्याचा ओठ सोडला. मग म्हणाली, "तू सांग, बापू. गादीवरून सांग. तुझा कोन बिल्ला काढतंय. अन् गादीवरच्या माणसाला कुणी खोटं म्हणत न्हाई."

मी म्हणालो, "सांगतो." हा शब्द मी हलक्यानं दिला नव्हता. थोरल्यानं मान वळवून माझ्या उपरण्याचा वास घेतला होता आणि मला खरंच भरून आलं होतं. पण त्याच वेळी माझ्या डोक्यात तालीम सुरू झाली होती, तेही सांगतो. काल्याला किती चपखल बसतंय, असं मला वाटलं. सगळ्या गोपाळांनी आपापली शिदोरी सोडली, एकत्र कालवली, कुणाला कमी नाही, कुणाला जास्त नाही, देवानं सगळ्यांना सारखं वाटलं. तिथून थेट छावणीच्या चाऱ्यावर यायचं. मंडप गप्प होईल, मग एक म्हातारी रडेल. मला सगळं दिसत होतं.

मंडप भरला होता. बायका एका बाजूला, पुरुष एका बाजूला, मागे जाळीखाली जनावरं. माझ्या शेजारी स्टुलावर सीलबंद पाण्याच्या दोन बाटल्या. तासभर कीर्तन चांगलं झालं. शिदोऱ्या सोडल्या, काला कालवला, मृदंग रंगात आला. मग मी हात वर करून सगळं थांबवलं आणि आवाज खाली आणला. म्हणालो, "आज सकाळी मला एक माउली भेटली. ती मला म्हणाली, महाराज, माझ्या बैलाला चारा पुरत नाही."

मंडप खरोखर गप्प झाला. वाक्य माझ्या तोंडातून निघालं होतं, आता पुढचं बोलायचं होतं. तेवढ्यात मागे गाड्यांचे दरवाजे वाजले.

चेअरमन आले होते. पुढची रांग उठली, मग दुसरी. सूत्रसंचालन करणाऱ्यानं माझ्या हातात चिठ्ठी दिली. गादी उठत नाही, हे मला पाठ होतं. मी मागच्या टाळकऱ्यांना नामाचा गजर करायची खूण केली, आणि गजर चालू असताना गादीवरून खाली उतरून चेअरमनांच्या गळ्यात हार घातला. मला कुणी ढकललं नव्हतं. चिठ्ठीवर लिहिलं होतं ते मी माइकवर वाचलं, मुक्या जनावरांचे कैवारी, दुष्काळातले अन्नदाते. वाचून संपल्यावर आणखी दोन विशेषणं पदरची घातली. सवयीनं.

चेअरमन पुढे गालिच्यावर मांडी घालून बसले. गजर संपला. आणि सगळा मंडप माझ्याकडे बघायला लागला, कारण माझं वाक्य अर्धं राहिलं होतं. माझ्या बैलाला चारा पुरत नाही, म्हणणाऱ्या माउलीचं पुढे काय झालं, हे त्यांना ऐकायचं होतं. चेअरमनांनाही कुणीतरी कानात सांगितलं असावं, तेही हसऱ्या चेहऱ्यानं वाट बघत होते.

मी गप्प बसू शकलो असतो. पाणी पिऊन दुसरा विषय काढता आला असता. मला खरं बोलायचं धैर्य नव्हतं हे एक वेळ मी स्वतःला माफ करीन, भित्री माणसं असतात. पण मी जे केलं ते भीतीनं केलं नाही. चौदा वर्षांच्या सवयीनं जीभ आपोआप हशाच्या वाटेला लागली.

मी म्हणालो, "मी त्या माउलीला विचारलं, बैल बोलला का तुला?"

हशा. मी थांबलो. कुठे थांबायचं ते मला येत होतं.

"बैल बोलला न्हाई. बैल डोळे मिटून रवंथ करतोय. ज्यानं दिलं त्याचं नाव घेत निवांत बसलाय. तक्रार बैलाची न्हाई माउली, तक्रार माणसाची हाय. बैलाला कळलं ते माणसाला कळंना."

मंडप कोसळला. पुरुष गुडघ्यावर थापा मारत होते, टाळ वाजले. चेअरमन मान मागे टाकून हसले. आणि मग हळूहळू बायकांच्या बाजूच्या माना एका दिशेला वळायला लागल्या. सकाळी मी कुणाच्या दावणीला बसलो होतो हे निम्म्या छावणीनं पाहिलं होतं. मोठीमाय तिसऱ्या रांगेत बसली होती. तिनं पदर तोंडाला लावला नव्हता. हसतही नव्हती. छावणीचा मॅनेजर खांबाला टेकून उभा होता, तोही तिकडेच बघत होता.

कीर्तन संपलं की सगळ्यांनी कीर्तनकाराच्या पाया पडायचं असतं. रांग लागली. ती चुकवून निघून जाईल असं मला वाटलं होतं, निदान तशी आशा होती. ती रांगेतून आली, वाकली, माझ्या पायांना हात लावून कपाळाला नेला. "महाराज," म्हणाली आणि पुढे सरकली. मागच्या बाईला जागा करून द्यायची होती.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरनं थोरल्या-धाकल्याच्या कानातले बिल्ले काढले. म्हणाला, "आजी, तुमचं इथं भागत न्हाई म्हणता. मंडपात सगळ्यांनी ऐकलंय. मग न्या घरी." मी नाव घेतलं नव्हतं. पण माझ्या तोंडून निघालेल्या गोष्टीवर त्यानं बोट ठेवलं होतं, आणि गादीवरच्या माणसाला कुणी खोटं म्हणत नाही. म्हातारीनं दोन्ही बैल सोडले आणि भर उन्हात आठ किलोमीटर चालत निघाली. गावाच्या अलीकडे रस्त्याखालच्या मोरीपाशी थोरला बसला. घागरीनं पाणी आणून पाजलं, तोंडाशी कडबा धरला. दिवस मावळेपर्यंत तो उठला नाही, नंतर उठायचा प्रश्न उरला नाही. एकट्या धाकल्याला कुणी गाडीला घेत नाही. तो बाजारात गेला. त्या दसऱ्याला चुलतभाऊ आणि वहिनी कोयता घेऊन टोळीत गेले. धाकटी पोरगी शाळेतून काढून बरोबर नेली, कारण तिला म्हातारीच्या भरवशावर ठेवून जायचा धीर आता कुणाला होत नव्हता.

बिल्ले काढल्याचं आणि थोरला गेल्याचं मला चौथ्या दिवशी फोनवर कळलं. मी मांजरसुंब्याच्या पुढे एका गावात होतो आणि अर्ध्या तासात उभं राहायचं होतं. विषय दिलेला होता, दया. मी दोन तास दयेवर बोललो. लोक रडले. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो, कारण चेअरमनांवर दात खाताना मला ही बाजू विसरायची सोय हवी असते.

परत येऊन मी तिच्या घरी गेलो. ती ओसरीत ज्वारी निवडत होती. मी समोर जमिनीवर बसलो तर तिनं उठून पोतं आणून अंथरलं. म्हणाली, "महाराज, वर बसा." मी म्हणालो, मोठीमाय, मला असं बोलू नको, शिव्या दे. मी चुकलो. मला सांगायचंच होतं, मी सुरुवातसुद्धा केली होती.

तिनं सुपातला खडा उचलून बाजूला टाकला. "तुमी सांगतो म्हणलता," ती म्हणाली. "सांगितलं की."

एवढंच. मी चहा न घेता उठलो. आजूबाजूला कुणी नसताना ती आयुष्यात पहिल्यांदा मला तुमी म्हणाली होती.

पावसाळ्यात कारखान्याची वार्षिक सभा झाली. वडिलांच्या नावचा शेअर होता, त्याच्या जोरावर मी गेलो. पांढरे कपडे मुद्दाम घातले नाहीत. अहवाल मंजूर, मंजूर, असा ओरडा चालला होता. मी हात वर करून उभा राहिलो आणि छावणीच्या चाऱ्याबद्दल बोलायला लागलो. पहिलं वाक्य माइकवर गेलं, दुसऱ्याला माइक बंद झाला. माझा आवाज मोठा होता, मी तसाच बोललो. समोर तीच माणसं होती, मंडपात दोन तास न हलता बसणारी. ती खुर्च्या सरकवून चहाकडे निघाली. मागून कुणीतरी म्हणालं, "महाराज, इथं कीर्तन नको," आणि लोक हसले. चेअरमन उठून माझ्यापाशी आले. खांद्यावर हात ठेवून प्रेमानं म्हणाले, "तुमचं काम देवाचं आहे, महाराज. हे आमच्यावर सोडा." आणि जाता जाता, "पुढच्या सप्ताहाची तारीख कळवतो."

त्या हाताचं ओझं मला अजून खांद्यावर जाणवतं आणि अजून संताप येतो. चौदा वर्षांत सहन करणं हा विषय मला किती वेळा दिला गेला. ऊसतोडीला निघणाऱ्यांच्या निरोपाला, छावणीत, टँकर येतो त्या चौकातल्या मंदिरात. संचालकांच्या बैठकीत एकदाही नाही. त्यांना वाटून खाणं सांगायलाही मला कुणी बोलावलं नाही, आणि काला म्हणजे तर तेच. उपदेश वरून खालीच वाहतो, आणि मी त्या पाटाचं दार होतो. कुणाच्या वाफ्यात किती सोडायचं हे दुसरे ठरवत आणि मी उघडत होतो. म्हातारे गुरुजी तेव्हा असते तर त्यांनी माझ्या हातातून टाळ काढून घेतला असता. ते नव्हते, म्हणून मीच खाली ठेवला.

त्याला आता बरीच वर्षं झाली. पाऊस परत पडला, कारखाना परत पेटला, चेअरमनांचा मुलगा चेअरमन झाला. काल्याला तिथे आता दुसरा महाराज येतो, माझ्यापेक्षा जास्त हसवतो. बैलाचा माझा तो दृष्टांत फिरत फिरत त्याच्यापर्यंत पोचला आहे. मोबाइलवर मी ऐकला. त्यानं त्यात म्हातारीचा आवाजही काढला आहे.

गावात मला आता कुणी महाराज म्हणत नाही. पोरं गिरणीवाले काका म्हणतात, माझ्या बरोबरीचे नावानं हाक मारतात, आणि मला ते बरं वाटतं. मोठीमाय दर आठवड्याला ज्वारीचा डबा घेऊन येते. आता वाकली आहे, काठी धरून येते. दुसरी गिरणी तिच्या घराला जवळ पडते, तरी ती माझ्याकडेच येते. मी पट्टा बंद करतो, उठून तिच्या हातातला डबा घेतो. गिरणी थांबलेली असते, त्यामुळे दारातल्या सगळ्यांना ऐकायला जातं.

"बारीक दळा, महाराज," ती म्हणते.